लिनिअर ॲक्च्युएटर कसा निवडायचा? नागपुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिंगणा एमआयडीसीच्या बाजूला आमचं छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. सरकणारी, उचलणारी, उघडझाप करणारी कामं आमच्याकडे जास्त येतात. फोन बहुतेक एकाच वाक्याने सुरू होतो: "भाऊ, शंभर किलोवाला ॲक्च्युएटर पाहिजे, भाव सांगा." माझा उलटा प्रश्न असतो, "हलवायचं काय आहे, आणि कुठे बसवायचं आहे?" तिथून पुढे जे बोलणं होतं तेच इथे लिहून ठेवलं आहे. चुकीचा माल घेऊन आलेला माणूस पाहिला की वाईट वाटतं, कारण दहा मिनिटं मोजमाप केलं असतं तर त्याचे पैसे वाचले असते.

लिनिअर ॲक्च्युएटर म्हणजे नेमकं काय?

फिरणाऱ्या मोटरचं काम सरळ रेषेत ढकलण्या-ओढण्यात बदलणारं उपकरण. आत एक छोटी डीसी मोटर, तिला गिअर, गिअरला जोडलेला लांब स्क्रू आणि त्या स्क्रूवर चालणारा नट असतो. नट रॉडला जोडलेला असतो. स्क्रू फिरला की नट पुढे सरकतो आणि रॉड बाहेर येतो. मोटरच्या वायरी उलट्या केल्या की रॉड आत जातो. दवाखान्यातला वरखाली होणारा पलंग, रिक्लायनर खुर्ची, सोलर पॅनलचा कल बदलणारी यंत्रणा, सगळीकडे हाच प्रकार आहे.

माझं झाकण २० किलोचं आहे. ३० किलोचा ॲक्च्युएटर घेतला तर चालेल ना?

नाही चालणार. सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

समजा पाण्याच्या टाक्याचं लोखंडी झाकण आहे, १ मीटर लांब, एका बाजूला बिजागरी. वजन २० किलो, पण ते वजन बिजागरीपासून अर्ध्या मीटरवर, म्हणजे झाकणाच्या मधोमध काम करतं. ॲक्च्युएटर मात्र जागेअभावी बिजागरीच्या जवळ, २५० मिमीवर लावला जातो. झाकण बंद असताना तो सरळ उभा नसतो, तिरपा पडलेला असतो. समजा झाकणाशी त्याचा कोन २५ अंशांचा आहे. आता बिजागरीपासून ॲक्च्युएटरच्या रेषेपर्यंतचं काटकोनातलं अंतर मोजा. ते २५० मिमी भरत नाही, जेमतेम १०६ मिमी भरतं.

हिशेब असा: २० किलो गुणिले ५०० मिमी, भागिले १०६ मिमी. उत्तर साधारण ९५ किलो. म्हणजे २० किलोचं झाकण हलवायला पहिल्या क्षणी ९५ किलोचा जोर लागतो. त्यात गंजलेली बिजागरी, झाकणावर साचलेली माती आणि पावसाचं पाणी धरलं तर मी तिथे १५० किलोच्या खालचा ॲक्च्युएटर लावणार नाही.

आता ॲक्च्युएटरचा तळाचा पिन, म्हणजे त्याचं खालचं टोक जिथे जोडतो तो, आणखी खाली नेला आणि कोन ४५ अंशांचा केला, तर ते काटकोनातलं अंतर १७७ मिमी होतं आणि लागणारा जोर ५७ किलोच्या आसपास उतरतो. झाकण तेच, पिनची जागा तेवढी बदलली. बदल्यात रॉडला जास्त लांब जावं लागतं. जागा असेल तर हा सौदा मी नेहमी करतो.

झाकण वर जाऊ लागलं की भार झपाट्याने कमी होतो. त्यामुळे हिशेब नेहमी सगळ्यात अवघड स्थितीचा करायचा, आणि बिजागरीच्या कामात ती स्थिती बहुतेक वेळा पूर्ण बंद असतानाची असते.

न्यूटन आणि किलो यात गोंधळ होतो. सोपा मार्ग काय?

किलोला १० ने गुणलं की न्यूटन. नेमका आकडा ९.८१ आहे, पण खरेदीसाठी १० पुरतो. डब्यावर १००० एन लिहिलं असेल तर तो साधारण १०० किलोचा.

मात्र एक पाहा: बऱ्याच लेबलांवर दोन आकडे असतात, डायनॅमिक आणि स्टॅटिक. चालू असताना हलवता येणारा भार तो डायनॅमिक, बंद असताना नुसता धरून ठेवता येणारा भार तो स्टॅटिक. स्टॅटिक आकडा मोठा असतो आणि जाहिरातीत तोच ठळक छापलेला असतो. उचलायचं असेल तर डायनॅमिक विचारा.

स्ट्रोक, म्हणजे रॉडची धाव, किती लागेल ते कसं काढायचं?

कागदावर सूत्रं मांडण्यापेक्षा आमच्याकडे जुनी पद्धत आहे. प्लायवूडवर किंवा वर्कशॉपच्या फरशीवर खडूने खरीखुरी मापं घालून काम काढायचं. बिजागरीच्या जागी खिळा, झाकणाऐवजी लाकडी पट्टी. झाकणावरच्या पिनची आणि तळाच्या पिनची जागा ठरवायची. पट्टी बंद स्थितीत ठेवून दोन्ही पिनांमधलं अंतर टेपने घ्यायचं, मग उघड्या स्थितीत घ्यायचं. दोन्हींतला फरक म्हणजे स्ट्रोक.

वरच्याच झाकणाचं उदाहरण घेतो. तळाचा पिन बिजागरीपासून १४ मिमी पुढे आणि ११० मिमी खाली ठेवला. बंद असताना पिन ते पिन २६० मिमी. झाकण ८० अंशांपर्यंत उघडलं की ३५७ मिमी. फरक ९७, म्हणजे १०० मिमी स्ट्रोकचा ॲक्च्युएटर.

इथे थांबू नका. रॉड पूर्ण आत असताना ॲक्च्युएटरची स्वतःची लांबी स्ट्रोकपेक्षा जास्त असते, कारण मोटर आणि गिअरलाही जागा लागते. साधारण स्ट्रोक अधिक १०० ते १५० मिमी धरा. म्हणजे १०० च्या स्ट्रोकला २०० ते २५०. आपल्याकडे २६० आहेत, बसेल. जागा २०० पेक्षा कमी निघाली असती तर पिनच हलवावे लागले असते. ही तपासणी न करता माल मागवणारे लोक नंतर लोखंडी चौकट कापत बसतात.

वेगवान घ्यावा की जोरदार?

एकाच मोटरमधून दोन्ही मिळत नाहीत. जोर गुणिले वेग म्हणजे ताकद, आणि ती मोटर देईल तेवढीच. त्याच मॉडेलमध्ये गिअर बदलून कंपन्या एक हळू पण जोरदार आणि एक वेगवान पण कमी जोराचा असे प्रकार देतात.

अंदाजासाठी: १००० न्यूटन, सेकंदाला १० मिमी, म्हणजे प्रत्यक्ष काम १० वॉट. पण स्क्रू आणि गिअरच्या घर्षणात बरंच जातं, त्यामुळे वीज ३० ते ४० वॉट लागते. १२ व्होल्टवर सुमारे ३ ॲम्पिअर. कोणी १५० किलोचा जोर, सेकंदाला ५० मिमी वेग आणि फक्त २ ॲम्पिअर असं सांगत असेल तर ते गणित जमत नाही.

घरगुती झाकणाला किंवा खिडकीला सेकंदाला ५ ते १० मिमी भरपूर झाला.

ड्युटी सायकल काय असते? आणि नागपूरच्या उन्हाचा तिच्याशी काय संबंध?

मोटरने किती वेळ काम करायचं आणि किती वेळ विश्रांती घ्यायची, याचं प्रमाण. १० टक्के म्हणजे १ मिनिट चालली तर ९ मिनिटं थांबली पाहिजे. स्वस्त आणि मध्यम किमतीचे बहुतेक ॲक्च्युएटर १० ते २५ टक्क्यांचे असतात. आणि हा आकडा साधारण २५ अंशांच्या खोलीतला असतो. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा ४५ च्या पुढे जातो.

माझ्या हातून झालेली चूक सांगतो. कळमन्याकडे एका धान्य गोदामाच्या छपराला हवा खेळती ठेवण्यासाठी उघडझाप करणारी झडप बसवली होती. ३०० मिमी स्ट्रोक, सेकंदाला ५ मिमी. म्हणजे उघडायला १ मिनिट, मिटायला १ मिनिट. मी टायमर १५ मिनिटांवर लावला. एप्रिलमध्ये सगळं सुरळीत होतं. मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी फोन आला, झडप अर्ध्यात अडकली. शिडी लावून वर गेलो. मोटरच्या डब्याला हात लावला तर चटकाच बसला. पत्र्याखाली थर्मामीटर धरला, ५८ अंश. मोटरच्या आतला उष्णतेचा सुरक्षा स्विच तिला बंद करत होता, आणि बरोबरच करत होता. १५ मिनिटांत २ मिनिटं म्हणजे १३ टक्के; १० टक्क्यांच्या मोटरला ते थंड खोलीतही जास्त होतं. मी हा हिशेब आधी केलाच नव्हता.

टायमर काढला. सकाळी उघडायचं, संध्याकाळी मिटायचं, एवढंच ठेवलं. मोटरवर हवा जाईल असं पत्र्याचं छोटं छप्पर केलं. ते काम आजही चालू आहे. तेव्हापासून माझा नियम आहे: छपराखाली किंवा उघड्या उन्हात बसवायचं असेल तर छापलेल्या ड्युटी सायकलच्या निम्मीच धरायची.

पावसात बाहेर लावायचा आहे. आयपी किती पाहिजे?

आयपी म्हणजे धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा. त्यानंतरचा पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. ५४ म्हणजे बेताची धूळ आणि शिंतोडे. ६५ म्हणजे धूळ आत जात नाही आणि पाण्याचा झोत सोसतो. ६६ जोराच्या झोताला. अंगणात, शेतात, गच्चीवर ६५ च्या खाली जाऊ नका. डाळमिल, जिनिंग किंवा कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांकडे राखेची धूळ असते, तिथे पहिला आकडा ६ हवाच.

पण नुसत्या आकड्यावर विसंबू नका. त्याच गोदामातली गोष्ट आहे. झडपेचा रॉड वरच्या बाजूला तोंड करून होता. जूनच्या मध्यात पाऊस सुरू झाला, रॉडच्या सीलभोवती पाणी साचायला लागलं आणि रॉड आत जाताना थोडं थोडं बरोबर नेऊ लागला. ऑगस्टमध्ये आवाज बदलला म्हणून उघडून पाहिलं. ग्रीसचं पांढुरकं ताक झालं होतं, आणि स्क्रूवर बोट फिरवलं की तांबडा गंज हाताला लागत होता. शक्य असेल तेव्हा रॉडचं तोंड खाली ठेवा. वायर डब्यात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी त्या झोळावरून टपकेल, वायरीवरून चालत आत जाणार नाही.

वीज गेली तर उचललेलं खाली येईल का?

साधा ट्रॅपेझॉइडल लीड स्क्रू असेल तर सहसा नाही. त्याच्या आट्यांचा चढ इतका कमी असतो की भार कितीही ढकलो, घर्षण त्याला फिरू देत नाही. बॉल स्क्रूमध्ये गोळ्या असतात, घर्षण फार कमी, त्यामुळे तो कार्यक्षम आणि टिकाऊ असतो. पण भार त्याला उलटा फिरवू शकतो, म्हणून त्याला ब्रेक लागतो. घरगुती आणि शेतीच्या कामाला मी लीड स्क्रूच सुचवतो. दिवसभर चालणाऱ्या मशीनला बॉल स्क्रू.

१२ व्होल्ट की २४?

ट्रॅक्टर, गाडी किंवा एकाच बॅटरीवर असेल तर १२. बाकी ठिकाणी, विशेषतः वायर लांब असेल तर २४.

समजा पॅनल ते ॲक्च्युएटर १० मीटर. जाऊन-येऊन २० मीटर वायर. १ चौरस मिमीच्या तांब्याच्या वायरचा रोध सुमारे ०.३५ ओहम. ५ ॲम्पिअर वाहिला की १.७५ व्होल्ट वायरमध्येच गेले, म्हणजे १२ मधले सुमारे १५ टक्के. मोटर रडतखडत चालते आणि लोक मोटरला दोष देतात. २४ व्होल्टवर तेवढ्याच ताकदीला करंट निम्मा, नुकसान ४ टक्क्यांच्याही आत. १२ च घ्यावा लागत असेल तर वायर २.५ चौरस मिमीची टाका. आणि लाईनमध्ये फ्यूज हवाच.

स्विच कसा जोडायचा? टोकाला गेल्यावर मोटर जळते का?

सहा पायांचा डीपीडीटी रॉकर स्विच घ्या, बोट सोडलं की मध्ये येणारा. तो मोटरच्या दोन वायरींची अदलाबदल करतो. बहुतेक ॲक्च्युएटरच्या आत दोन लिमिट स्विच असतात आणि प्रत्येकाला एक डायोड, म्हणजे एकाच दिशेने करंट जाऊ देणारा भाग, समांतर जोडलेला असतो. रॉड टोकाला पोचला की स्विच मोटरचा करंट तोडतो, पण उलट दिशेचा करंट डायोडमधून जाऊ शकतो, म्हणून परत येता येतं. विकत घेताना लिमिट स्विच आतच आहेत ना, ते विचारून घ्या.

इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टसाठी अर्डुइनोवर चालवायचा आहे. कुठला ड्रायव्हर, म्हणजे मोटरला करंट देणारा बोर्ड, घेऊ?

सीताबर्डीच्या दुकानातून मुलं हमखास एल२९८एन आणतात, कारण तो सगळ्यांना माहीत आहे. तो एका चॅनलला २ ॲम्पिअरपर्यंतच, शिवाय स्वतःतच २ व्होल्टच्या आसपास खातो. ३ ते ५ ॲम्पिअरच्या ॲक्च्युएटरला तो तापून बंद पडतो, आणि सादरीकरणाच्या दिवशीच पडतो. त्याऐवजी बीटीएस७९६० चा मॉड्यूल घ्या, किंवा वेग बदलायचा नसेल तर दोन रिले पुरतात. दिशा बदलण्याआधी प्रोग्रॅममध्ये अर्धा सेकंद थांबा. रॉड कुठे आहे हे कळायला हवं असेल तर खरेदीच्या वेळीच पोटेन्शिओमीटर किंवा हॉल सेन्सर असलेला मागा; नंतर बाहेरून बसवणं फार कटकटीचं होतं.

सोलर पॅनलचा कल बदलण्यासाठी कुठला घ्यावा?

इथे वजनापेक्षा वारा महत्त्वाचा आहे. पॅनल मधोमध बिजागरीवर असेल तर त्याचं वजन बरंचसं तोललेलं असतं आणि हलवायला फार जोर लागत नाही. पण भारतीय मानक आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरलेला आहे. वेगाच्या वर्गाला ०.६ ने गुणलं की दाब मिळतो: चौरस मीटरला जवळपास ११६० न्यूटन. अडीच चौरस मीटरच्या एका पॅनलवर २९०० न्यूटन, म्हणजे सुमारे ३०० किलो. वारा दोन्ही अर्ध्या भागांवर सारखा येत नाही आणि तो फरक ॲक्च्युएटरला सोसावा लागतो. म्हणून इथे स्टॅटिक आकडा पाहा, आणि वादळाची चिन्हं दिसली की पॅनल आडवं करायची सोय ठेवा.

काटोल-नरखेडकडच्या संत्रा बागायतदारांना मी रोज फिरणाऱ्या ट्रॅकरऐवजी ऋतूप्रमाणे कल बदलणारी साधी चौकट सुचवतो. नागपूर २१ अंश उत्तरेला आहे. डिसेंबरात दुपारी पॅनल दक्षिणेला ४५ अंशांच्या आसपास झुकलेलं असावं, जूनमध्ये जवळपास आडवं. वर्षातून चार-पाच वेळा हलवायचं, त्यामुळे ड्युटी सायकलचा प्रश्नच येत नाही.

रुंद वस्तू आहे, दोन ॲक्च्युएटर लावू का?

जमलं तर टाळा. एकाच मॉडेलचे दोन नगही अगदी सारखे पळत नाहीत; भार जिकडे कमी ती बाजू पुढे जाते, चौकट पिळते आणि पिन वाकतात. एकच जास्त जोराचा घेऊन मधोमध लावा आणि चौकट भक्कम करा. दोन लागणारच असतील तर हॉल सेन्सरवाले घेऊन त्यांचा जोड-कंट्रोलर वापरा.

ब्रॅकेट वेल्डिंगने घट्ट केला तर चालेल का?

दोन्ही टोकांना पिन हवेत, आणि दोन्ही पिन एकमेकांना समांतर. रॉड फक्त सरळ ढकलण्यासाठी आहे. बाजूने भार आला की सील आधी जाते, मग नट. ड्रॉवरसारखी वस्तू सरकवायची असेल तर तिचं वजन गाइड रेलवर ठेवा, ॲक्च्युएटरने नुसतं ढकलायचं. लांब स्ट्रोकमध्ये आणखी एक काळजी घ्या: बाहेर आलेला बारीक रॉड दाबाखाली वाकू शकतो. लांबी दुप्पट झाली की ही सहनशक्ती चौथाईवर येते. शक्य तिथे अशी मांडणी करा की जड काम ओढण्याचं असेल.

एअर सिलिंडर स्वस्त पडतो, तो का नको?

कारखान्यात कंप्रेसर आधीच असेल आणि मिनिटाला कित्येक फेऱ्या करायच्या असतील तर सिलिंडरच घ्या. ५० मिमी बोअर (आतला व्यास), ६ बार दाब, जवळपास १२० किलो जोर मिळतो, आणि तो इलेक्ट्रिकसारखा तापत नाही. बुटीबोरीतल्या पॅकिंग लाइनला मी इलेक्ट्रिक सुचवणार नाही. पण मध्येच नेमकं थांबवायचं असेल किंवा कंप्रेसर नसेल, तर इलेक्ट्रिक.

घराच्या गेटला चालेल का?

आत-बाहेर उघडणाऱ्या गेटला चालतो, पण गेटसाठी बनवलेला घ्या. त्याला अडथळा आला की थांबायची आणि वीज गेल्यावर चावीने सोडवायची सोय असते. सरकत्या गेटला दातेरी पट्टी आणि मोटर.

आईसाठी पलंग वर करायचा आहे. घरीच बनवू का?

नका बनवू. माणूस ज्यावर झोपणार, तिथे स्क्रूचा नट तुटला तरी धरून ठेवणारा दुसरा नट लागतो, बोट चिमटणार नाही अशी रचना लागते, वीज नसताना खाली आणायची सोय लागते. तयार पलंग विकत किंवा भाड्याने घ्या. आलेलं काम मी सहसा परत पाठवत नाही, पण हे काम अंगावर घेत नाही.

दुकानात काय विचारायचं?

डायनॅमिक भार, पूर्ण भारावरचा वेग आणि करंट, ड्युटी सायकल, आयपी, आणि रॉड आत असताना पिन ते पिन लांबी. बिनभाराचा वेग सांगितला तर तो धरू नका. शक्य असेल तर दुकानातच बॅटरीवर एकदा पूर्ण चालवून पाहा, रॉड धरून बाजूने हलवा. टोकाला थोडी ढिलाई असते, पण खडखड आवाज यायला नको.

चालताना किरकिरतो, अडकतो. दुरुस्त होतो का?

आधी ॲक्च्युएटर कामावरून सोडवा आणि मोकळा चालवा. मोकळा नीट चालला तर दोष बिजागरीत किंवा पिनांच्या रेषेत आहे. मोकळाही अडकत असेल तर करंट मोजा. करंट जास्त असेल तर आत ग्रीस सुकलंय किंवा पाणी गेलंय. करंट शून्य असेल तर लिमिट स्विच, डायोड किंवा मोटरचे कार्बन ब्रश पाहा. मोटर फिरण्याचा आवाज येतो पण रॉड हलत नाही, तर प्लास्टिकचा गिअर किंवा नट झिजलाय. ब्रश, स्विच आणि ग्रीस आम्ही बदलून देतो. नट झिजला असेल तर लेथवर पितळेचा करून पाहिला आहे, पण आटे जुळवायला लागणारी मजुरी पाहता लहान ॲक्च्युएटर नवा घेणंच परवडतं. जुन्याचे ब्रॅकेट आणि पिन मात्र फेकू नका, नव्याला बहुधा तेच बसतात.